मैना रडत नाही

वाटी सोजरसमोर ठेवून झाली होती. जोतीरामने भाकरीचा तुकडा कोरड्यासात बुडवला होता, पण तो तोंडाकडे न्यायचे त्याला सुचत नव्हते. रंभाबाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि निखाऱ्यांवर राख ओढण्याचे काम गरजेपेक्षा फार सावकाश करत होत्या. बाजेवर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सोजर त्या पितळी वाटीकडे पाहत होती. वाटीत तांबूस पाणी होते, तळाशी ओव्याचे दाणे. चिमणीचा उजेड हलला की ते पाणी म्हाताऱ्या जनावराच्या डोळ्यासारखे दिसे : ओलसर, शांत, घाई नसलेले. तिला आपल्याकडेच यावे लागणार, हे ठाऊक असलेले.

पाळण्यात मैना निजली होती. दुपारपासून निजली होती.

"घे की," रंभाबाई न वळता म्हणाल्या. "औषधाला एवढं काय निरखायचं?"

"आज नगं, आत्या. डोकं जड झालंय."

"म्हून तर घ्यायचं. बाळंतिणीचं आंग उघडं असतंय, पोरी. गड्ड्याच्या जत्रंच्या दिसातली थंडी कवा आत शिरंल सांगता येत न्हाय."

जोतीरामने तुकडा एकदाचा तोंडात घातला. "घे गं. आई जीव टाकती तुझ्यासाठी, आन् तू नखरं करतीस."

सोजरने वाटी उचलली आणि एका दमात रिकामी केली. घशातून एक जळती रेघ उतरत गेली आणि पोटात पोचून पसरली. मग खांदे सैल झाले, भिंती किंचित मागे सरकल्या. हे तिने कुणाला सांगितले नव्हते, की नको म्हणणारे तिचे तोंड आणि वाटीची वाट पाहणारे तिचे अंग ही आता दोन निराळी माणसे झाली होती. दिवस कलला की दुसरे माणूस जागे होई. गिरणीचा भोंगा झाला की त्याच्या तोंडाला पाणी सुटे.

रंभाबाईंनी मैनाला पाळण्यातून उचलून तिच्या मांडीवर दिले. पोरीने डोळे न उघडता दोन-तीनदा ओढून पाहिले. ऊर तर दगडासारखे भरले होते. पण दूध आतच कुठेतरी अडकून बसल्यासारखे झाले होते, दार ढकलावे आणि पलीकडून कुणी पाठ लावून उभे असावे तसे. मैनाने ओठ सोडले. तिची मान सोजरच्या दंडावर कलंडली.

"झालं पोट," रंभाबाई समाधानाने म्हणाल्या. "किती गुणाची गं माझी बाय. रडणं ठाऊक न्हाय."

*

सोजर वैरागची. आई दुष्काळाच्या साली गेली, बापाने दुसरे घर केले, म्हणून पहिले बाळंतपण माहेरी होण्याचा प्रश्नच उरला नव्हता. सोलापुरातल्या ह्या चाळीतल्या दीड खोलीतच तिची बाज मांडली गेली, आणि ती रंभाबाईंनी स्वतः विणून ताणली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपाची धुरी, पाठीला कोमट तेल, पोटाला घट्ट पट्टा. डिंक, हाळीव, शेपूची भाजी. रंभाबाईंचे हात खरबरीत होते, तरी तिच्या आयुष्यात एवढे नेमाने तिच्या अंगावरून कुणाचेच हात फिरले नव्हते. म्हणूनच पहिल्या संध्याकाळी ती वाटी समोर आली तेव्हा ती तिला त्याच हातांचा भाग वाटली. चाळीतल्या बायका दारातून डोकावून म्हणत, "नशीबवान हाईस गं सोजर. ब्रँडी कोण पाजतंय हितं सुनंला?" बाटली कुणाच्या तरी दारूच्या परमिटवर मिळे. जोतीराम ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणी आणि रंभाबाई ती देवळीत, देवाच्या तसबिरीमागे ठेवत. देवामागची वस्तू कुणी नाकारीत नसते.

"माझी सासू मला घरच्या भट्टीची पाजायची," तेल चोळता चोळता रंभाबाई सांगत. "पयल्या धारंची. दूध वाढतंय, थंडी बाधत न्हाय, लेकरू शांत निजतंय. माझ्या पयल्या दोघी! काय सांगू तुला. गौरा आन् तिच्या पाठची ठकी. सोन्यासारख्या पोरी. रडायच्याच न्हाईत. शेजारणी इचारायच्या, रंभे, तुझ्या घरात लेकरू हाय का बाहुली?"

इथे त्या थांबत. तेलाचा हात तेवढ्यापुरता पाठीच्या मधोमध उभा राही.

"कशानं गेल्या, आत्या?"

"झोपेतच. दोघीबी. एकीला सहा म्हयनं झाल्तं, दुसरीला तेवढंबी न्हाय. द्येवाला गुणाचीच लेकरं लागत्यात."

त्यांच्यानंतर जोतीराम झाला, म्हणून सटवाईला फसवण्यासाठी त्याचे नाक टोचले होते. मुलीसारखी नथनी घालून त्याला पाच वर्षांचा केला होता. उजव्या नाकपुडीवरची ती बुजलेली खूण अजून दिसे. तो हसला की ती ताणली जाई, एखाद्या जुन्या टाक्यासारखी.

"आन् ह्यांच्या येळंला?" सोजरने सहज विचारले होते.

"त्याच्या येळंला कुटलं काय! दारूबंदी आल्ती तवा. सासरा पोलिसाला लई भ्यायचा. भट्टी मोडली, मडकी फोडली. मला थेंब मिळाला न्हाय. म्हून तर हे असलं रडकं निपजलं," रंभाबाई कौतुकाने हसल्या होत्या. "वरीसभर उभ्या गल्लीला झोपू दिलं न्हाय मेल्यानं."

तेव्हा सोजरही हसली होती. काही वाक्ये बियांसारखी असतात. पडतात तेव्हा आवाज होत नाही.

*

चाळीत पलीकडच्या खोलीत लालबी राही. तिच्या नवऱ्याचा टांगा होता, आणि तिच्या जिभेला घोड्याच्या पायांइतकीच चाल होती. सकाळी रंभाबाई नळावर गेल्या की ती तंबाखूची मिसरी लावत उंबऱ्यावर येऊन बसे आणि मैनाला आपल्या मांडीवर घेई.

"नाव काय ठिवलं म्हणं? मैना? अगे माँ! नाम मैना और बोलती नै!" लालबीने पोरीच्या तळपायाला बोटाने गुदगुल्या केल्या. पाय हलला नाही. तिने नाकाचा शेंडा हळूच चिमटीत धरला. मैनाने ओठ उघडले, पुन्हा मिटले.

"झोपाळू हाय," सोजर म्हणाली.

"झोपाळू?" लालबी खदखदली. "अगं, ही तर गल्लीच्या तोंडाला तुमचा रावजी पडलेला असतो न्हवं, त्याच्यावानी झोपती! त्याच्या अंगावरून सायकल गेली तरी हूं न्हाय का चूं न्हाय. पोर निजलीया का पिऊन पडलीया गं?"

बोलून झाल्यावर लालबी स्वतःच्या विनोदावर आणखी हसली, आणि मग तिने पोरीला वास घेण्यासाठी म्हणून नाकाशी नेले, जसे सगळ्याच बायका तान्ह्या मुलांना नेतात. तिचे हसू हळूहळू थांबले. तिने मैनाला सोजरच्या मांडीवर परत ठेवले, पदर नीट केला आणि चुलीवर काहीतरी करपत असल्यासारखी उठून गेली.

सोजर एकटी उरली. तिने मैनाच्या ओठांजवळ नाक नेले. ओठांच्या कोपऱ्यात उलटलेल्या दुधाचा एक पांढरा ठिपका सुकला होता. त्याला दुधाचा आंबूस वास होता. आणि त्या वासाच्या आत, घराच्या आत घर असावे तसा, दुसरा वास होता. ओव्यासकट.

तिला वाटले, आपले अंग म्हणजे एक पितळी वाटीच आहे. रंभाबाई ती भरतात आणि कुणी दुसरेच ती पिते.

*

पुढच्या आठवड्यात लालबीनेच रंभाबाईंना हटकले, "मावशी, पोर वाळतीया. डागदरनीला दाखवा एकदा." रंभाबाईंना ते लागले, पण नातीच्या बाबतीत त्यांनी हयगय कधी केली नव्हती. लालबीच्या नवऱ्याच्या टांग्यातून सासू-सून मैनाला घेऊन सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई पोक्त होत्या, केस आवळून बांधलेल्या. त्यांनी मैनाला तराजूत ठेवले, काट्याकडे पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले. जन्माला आली तेव्हा पोर जेवढी होती त्याहून फारशी पुढे सरकली नव्हती. त्यांनी तिच्या टाळूवर हात ठेवला, मांडीची सैल कातडी चिमटीत धरली.

"रडते का भुकेला?"

"न्हाय जी," रंभाबाई अभिमानाने म्हणाल्या. "अजाबात न्हाय."

"मग हेच वाईट आहे. ह्या वयाच्या मुलानं रडून घर डोक्यावर घ्यायला हवं." त्या सोजरकडे वळल्या. "दूध येतं का पुरेसं?"

"ऊर भरतंय, पर..."

"तू खातेस-पितेस काय?"

प्रश्न सोजरला होता. उत्तर रंभाबाईंनी दिले. डिंक, हाळीव, शेपू, बाजरीची भाकरी, लसूण, खोबरे. त्यांनी सगळे सांगितले, एक घास सोडला नाही. एकच वस्तू सोडली. परमिट दुसऱ्याच्या नावावरचे होते, आणि दवाखान्याच्या भिंतीवर सरकारी शिक्क्याचे कागद लावलेले होते. पोलिसाला भिणाऱ्या सासऱ्याची सून म्हणून त्या नांदल्या होत्या.

"आणखी काही? काही औषध, काढा?"

सोजरच्या जिभेच्या टोकावर तो शब्द आला. तो उच्चारला की आत्यांचे तोंड खाली होईल, जोतीराम चाळीत मान वर करू शकणार नाही. आणि तिच्या आत बसलेले ते दुसरे माणूस, दिवस कलताना जागे होणारे, ते काय करील? खरे भय तिला त्याचेच वाटले. आज संध्याकाळी वाटी आली नाही तर?

"न्हाय," सोजर म्हणाली.

तो एक शब्द तिने आपल्या तोंडाला आतून कडीसारखा लावून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी एक बाटलीभर लाल औषध दिले आणि म्हणाल्या, दूध कमी पडते आहे, पोरीला झोपेतून उठवून उठवून पाजा, आठ दिवसांनी परत आणा. परत येताना टांग्यात रंभाबाईंनी सोजरच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या हातात माया होती, शंका नव्हती.

"दूध कमी पडतंय म्हणाल्या न्हवं बाई? मग वाटी वाढवाया पायजे. मीच हात आखडता घेतला, चुकलं माझं. आजपासनं सकाळचीबी घ्यायची."

घोड्याच्या टापा वाजत राहिल्या. सोजरला त्या टापांमध्ये घाण्याच्या बैलाची चाल ऐकू आली. दूध आटले म्हणून दारू, दारू म्हणून दूध आटलेले. आणि डोळ्यांवर झापड बांधलेली ती मधोमध, फिरते आहे म्हणून कुठेतरी पोचू असे समजणारी.

*

मोहोळला रंभाबाईंची चुलत बहीण सोनाबाई वारली, आणि त्यांना जावे लागले. जाताना त्यांनी बाटली देवळीतून काढून दाखवली, वाटी धुऊन उपडी ठेवली. "दोन्ही टायमाला. इसरू नगंस. जोतीराम, तू बघ."

जोतीरामची रात्रपाळी होती. गिरणीतून सकाळी येऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपे. कानात कापसाचे तंतू अडकलेले, पापण्यांवर धुळीचा पांढरा थर. सोजरने सकाळची वाटी भरली, त्याला दाखवली, आणि तो वळून झोपल्यावर ती मोरीत ओतली. मोरीतून वास वर आला आणि ती तशीच ओणवी राहिली, नाक त्या वासावर धरून. मग तिने घागरभर पाणी त्यावर ओतले.

संध्याकाळीही ओतली.

दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांना कंप सुटला. पाठीवरून घाम, आणि घाम असून हुडहुडी. चाळीतले साधे आवाज, भांड्याचे, बादलीच्या कडीचे, नखाने कवटी खरवडल्यासारखे आत घुसत. देवाच्या तसबिरीकडे पाहायचे नाही असे तिने ठरवले आणि दिवसभर तिकडेच पाहत राहिली.

आणि मैना जागी झाली.

आधी ती नुसती कण्हली. मग तिने मुठी आवळल्या, तोंड लालबुंद केले आणि असा टाहो फोडला की दाराबाहेरचे कुत्रे उठून उभे राहिले. सोजरने तिला छातीशी घेतले. पोरीने झडप घातल्यासारखे धरले, ओढले, चिडून सोडले, पुन्हा धरले. आणि मग अचानक आत काहीतरी सुटले. मुंग्या आल्यासारख्या शिरा सरसरल्या आणि दूध आले. दुसऱ्या बाजूनेही आपोआप ठिबकू लागले, चोळी भिजली. मैना गटागटा पीत होती, तिच्या घशाचा आवाज येत होता, आणि तिचे डोळे उघडे होते. एवढे उघडे डोळे सोजरने तिचे पाहिलेच नव्हते. काळे, रागीट, कुणाचेही ऋण न मानणारे. ती पहिल्यांदाच आपल्या मुलीला भेटत होती.

पण पोट भरले तरी ती पुन्हा रडे. भुकेने रडे, भूक नसताना रडे. इतक्या दिवसांचे तुंबलेले रडणे तिला फेडायचे होते जणू. जोतीराम उशी कानावर दाबून तळमळला आणि शेवटी उठून बसला. त्याचे डोळे तांबारले होते.

"काय लावलंय हे? मागावर झोप लागली तर हात जाईल माझा! कुंडलिकाचं बोट गेलं तवा बघितलंस न्हवं?"

"भूक लागलीया तिला. पितीया बघा कशी."

"आई हुती तवा कवा रडली न्हाय. आई दोन दिस गेली आन् हे सुरू." त्याने देवळीतली बाटली खाली काढली, उजेडात धरली, वाटीचे माप मनाशी धरून पाहिले. दोन दिवसांचे माप कमी झालेले होते. तिने तेवढे नेमाने ओतले होते. तो गोंधळला. "घेतलंस ना तू औषध?"

सोजर खोटे बोलू शकली असती. पण मैना तिच्या छातीला लुचत होती, आणि ते उघडे डोळे तिच्याकडे होते.

"ओतलं," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. आले ते भय. त्याने आपली नाकपुडी चोळली, ती बुजलेली खूण. "म्हून रडतीया पोर. म्हून! तिचं काय बरं-वाईट झालं तर आईला काय तोंड दावू मी? अगं, औषध बंद केलंस म्हून तिला तरास व्हाय लागलाय, एवढं बी कळंना तुला?"

त्याचे बोलणे वरवर इतके चोख होते की सोजरला त्यात नख शिरवायला फट दिसेना. औषध होते तेव्हा पोर शांत होती. औषध थांबले, पोर रडते आहे. ती मुलगी जिवंत होत चालली होती, आणि तिच्या जिवंतपणाचाच ह्या घरात पुरावा होणार होता, सोजरविरुद्ध. ती बोलायला गेली तर दात एकमेकांवर आपटू लागले. जोतीराम तिच्या थरथरत्या हातांकडे पाहत होता आणि त्याला तोही पुरावाच दिसत होता : बाळंतिणीला थंडी बाधली.

*

रंभाबाई दुपारच्या गाडीने परतल्या. रडणे त्यांना चाळीच्या तोंडापासून ऐकू आले असावे, कारण त्या धापा टाकत आत शिरल्या, पायांवर रस्त्याची धूळ तशीच.

"तूच बघ आता, आई," जोतीराम म्हणाला. "दोन दिस ओतून टाकलंय तिनं सगळं. मी चाललो कुंडलिकाकडं, तितं जरा डोळं मिटतो." सदरा खांद्यावर टाकून तो बाहेर पडला.

रंभाबाईंनी मैनाला बघितले, सोजरला बघितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि त्या खरबरीत तळव्याखाली सोजरचे डोळे आपोआप मिटले. त्या हातावर डोके ठेवून रडावे असे तिला फार वाटले.

"घाम बघ केवढा. काय हे करून घेतलंस, पोरी?" त्यांनी देवळीकडे हात नेला. बूच निघाल्याचा बारीक आवाज झाला. सोजरचे तोंड पाण्याने भरून आले. तिच्या आतले दुसरे माणूस बाजेच्या कडेपर्यंत सरकले आणि हात पुढे करून बसले. "आधी तू घे. मग तिला पाज. बघ कशी निजती माझी बाय. आख्ख्या गल्लीला ठाऊक हाय, माझ्या घरातलं लेकरू रडत न्हाय."

वाटी भरत आली होती. मैना छातीशी हुंदके देत होती, मुठी हवेत आपटत होती.

"आत्या," सोजर म्हणाली. आपला आवाज तिला कुणाच्या तरी मागून ऐकू आला. "तुमच्या त्या दोघी. गौरा आन् ठकी. त्यांच्या येळंला तुमी रोज घेत हुता?"

"व्हय की. सांगितलं न्हवं."

"आन् ह्यांच्या येळंला थेंब न्हाय."

बाटलीची धार थांबली.

"हे रडले," सोजर म्हणाली. "वरीसभर रडले. आन् जगले. त्या दोघी कवा रडल्याच न्हाईत. आत्या, मी येडी हाय का तुमीच सांगा. माझी मैना बी झोपेतच जाईल का हो?"

रंभाबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर सोजरला वाटले होते तसे काहीच आले नाही, ना राग, ना रडू. फक्त तोंड किंचित उघडे राहिले आणि डोळे मैनाच्या उघड्या, ओरडणाऱ्या तोंडावर खिळले. जणू त्या आवाजात त्या फार मागचे, कधीच न ऐकलेले दोन आवाज शोधत होत्या. हातातली बाटली त्यांनी जमिनीवर ठेवली. बूच लावले नाही. भरलेली वाटी बाजेच्या पायाशी, सोजरचा हात पोचेल अशीच राहिली, आणि तिचा वास सावकाश वर येऊ लागला.

"आत्या, सांगा की."

रंभाबाईंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला, उंबरा ओलांडला आणि दुपारच्या पांढऱ्या उन्हात त्या नळाच्या दिशेने चालू लागल्या. लालबीने आपल्या दारातून काहीतरी विचारले, तिलाही त्यांनी मान वळवून पाहिले नाही. मैना रडत होती. सोजर बाजेवरून त्या पाठीकडे पाहत राहिली, एका हाताने पोरीला धरून, आणि दुसरा हात मांडीखाली घट्ट दाबून.

नळाकडे निघालेल्या रंभाबाईंच्या हातात घागर नव्हती.